गाडीच्या स्पीकरला एलईडीची रिंग: तीनशेत होतंय का?

सांबऱ्याचा सम्या
मंडळी नमस्कार. विषय जरा पोरकट आहे. हसायचं ते हसून घ्या, मग उत्तर द्या.

२०१४ ची स्प्लेंडर, सेल्फवाली. दिवाळीच्या सुट्टीत लेगगार्डला दोन्ही बाजूंना चार-चार इंची स्पीकर बसवले. प्लायवूडच्या पेट्या घरीच केल्या, वर काळं रेक्झिन, आत ब्लूटूथचं बोर्ड आणि पंधरा-पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प. आवाजाबद्दल तक्रार नाही. पण अंधार पडला की गाडीला दोन काळे डबे लोंबतायत असं दिसतंय. आमच्या आज्जीनं परवा विचारलं, "दुधाचा रतीब कधीपासनं धरलास रे?"

म्हणून स्पीकरभोवती एलईडीची पट्टी गोल फिरवावी असं डोक्यात आलंय. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी झालं पाहिजे. आमच्या बेळगावात ती तिथीनं, वैशाखात, त्यामुळं वेळ आहे. बजेट तीनशे. बॅटरी उतरेल का? वायर कुठून घ्यायची? पावसात काय होतं? आणि गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणारं करता आलं तर फारच भारी.

चिकोडीचा ऊसवाला
तीनशे? एवढ्यात आमच्या ट्रॅक्टरचा एक मडगार्ड पण उजळत नाही. सीझनला कारखान्याच्या रांगेत येऊन बघ. ट्रॉलीपेक्षा स्पीकर मोठा, स्पीकरपेक्षा लायटिंग मोठं. ऊस कुठं भरलाय ते शोधायला लागतंय.

वायरमन निपाणी
सम्या, होतंय. माझं काम हेच. महिन्याला अशा दोन-चार गाड्या येतात, त्यातल्या निम्म्या दुसऱ्यानं केलेलं निस्तरायला.

पट्टी बारा व्होल्टची घे. बारीक चिपची ती ३५२८, मोठ्या चौकोनी चिपची ५०५०. मीटरला ६० दिवे धरले तर मोठी १४.४ वॅट खाते, बारीक ४.८. तुझ्या कामाला बारीक पुरते, पण आजवर एकानंही माझ्याकडून बारीक नेलेली नाही. तर मोठीच धरू. दर तीन दिव्यांनंतर तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते, म्हणजे दर ५ सेंटीमीटरला. तिथंच कापायचं, मध्ये कापलंस की तेवढे तीन दिवे मेले. चार इंची स्पीकरला सहा तुकडे सलग, ३० सेंटीमीटर. एका रिंगला ०.३६ अँपिअर, दोन्हीला मिळून ०.७२.

गाडी चालू असताना हे काहीच नाही. बंद असताना आहे. तुझी बॅटरी ३ एएचची, म्हणजे अँपिअर-तासाची. कागदावर चार तास निघतात, पण सेल्फ त्याच्या कितीतरी आधी रुसतो. म्हणून पट्टीचा पॉझिटिव्ह चावीनंतरच्या वायरीतून घे. ब्रेक लाइटच्या स्विचला जी वायर येते ती चावीवरच असते, ती चालेल. मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज, जिथून वायर घेतलीस त्याच्या अगदी जवळ. पट्टीजवळ फ्यूज लावणारे महाभाग बघितलेत मी. वायर मधेच टाकीखाली घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काय आरती ओवाळणार?

हेडलाइटच्या वायरीला हात लावू नको. तुझ्या सालच्या स्प्लेंडरला हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनातल्या मॅग्नेट कॉइलवरनं थेट एसीवर चालते. पट्टी तिथं जोडलीस तर रेस दिली की उजळणार, सोडली की फडफडणार.

अ‍ॅम्पला मात्र थेट बॅटरीपासून स्वतंत्र दोन वायरी आणि त्याचा वेगळा फ्यूज.

हलग्याचे मास्तर
स्पीकर कानाला दिसावेत म्हणून त्यांना दिवे लावायचे, ही नवीच ज्ञानशाखा दिसते. रात्री साडेअकराला आमच्या गल्लीतून एक गाडी जाते. तिला दिवे नाहीत, त्यामुळे कोण आहे हे कळत नाही. तेवढ्यापुरते दिव्यांचे समर्थन करतो.

सांबऱ्याचा सम्या
सर, मी साडेअकराला झोपलेला असतो. आईची शपथ.

खानापूरकर
पावसाचं मी सांगतो, आमच्याइतका पाऊस बाकीच्यांनी बघितलेला नाही.

पहिल्या वर्षी उघडी पट्टी लावली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तांब्यावर हिरवं चढलं, जुलैत बंद. दुसऱ्या वर्षी आयपी ६५ ची, वर सिलिकॉनचा थर असलेली आणली. ती वरून भिजली तरी चालते, पण कापलेल्या टोकातून पाणी शिरतं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणून टोक बंद करायला सीलंट लावला. तो नेमका आंबट वासाचा निघाला, व्हिनेगरसारखा. त्या वासातच ॲसिड असतं. त्यानं सोल्डरचा डाग दिलेले सांधे खाल्ले. आता न्यूट्रल सीलंट वापरतो, वास नसलेला, जरा महाग पडतो.

पेटीच्या तळाला एक बारीक भोक पाड. पाणी आत येणारच, जायची वाट ठेव. आणि स्पीकरचा कोन, म्हणजे मधला थरथरणारा पडदा, कागदी असेल तर लाइटचं नंतर बघ, आधी तो बदल. माझ्या एका स्पीकरची भाकरी झाली होती, फुगलेली.

शिनोळीचा चंदगडी
पहिल्या पावसानंतर किडे किती येतात ते पण सांगा की. मी आंबोलीहून परत येत होतो, स्पीकरला निळा लाइट. घरी आलो तोवर जाळीवर किड्यांचा थर, आतून फक्त तबला ऐकू येत होता.

कडोलीची सून
आज्जी म्हणाल्या ते खोटं नाही. आमचे हे खरंच दुधाचा रतीब घालतात, पहाटे चारला निघतात. थंडीत धुकं असतं, मागनं येणाऱ्या ट्रकला गाडी दिसत नाही म्हणून कॅनच्या मागच्या बाजूला लाल पट्टी लावून घेतली. स्पीकर वगैरे नाही. तेव्हापासून माझी झोप जरा बरी लागते.

एक सांगू का सम्या? नुसती पट्टी लावलीस तर एकेक दिवा ठिपक्यासारखा टोचतो डोळ्याला. वर पांढुरकं प्लास्टिक पाहिजे. आम्ही श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून लावलंय, उजेड सगळीकडं सारखा पसरतो.

चिकोडीचा ऊसवाला
वहिनी, श्रीखंड कुणी संपवायचं ते पण ठरवून द्या. मी तयार आहे.

वायरमन निपाणी
झाकणाची आयडिया शंभर नंबरी. मी दुकानात दुधी ॲक्रिलिक वापरतो, पण श्रीखंड जास्त परवडतं.

एक राहिलंच. पट्टी पुढे-मागे वळते, आडवी वळत नाही. म्हणजे स्पीकरच्या सपाट चेहऱ्यावर तिला गोल चिकटवायला गेलास की ती चुण्या पाडते आणि तांबं तुटतं. तिला उभी धार लागते. चार इंची पीव्हीसी पाइपचा सव्वा सेंटीमीटर रुंद काप काढ. त्या पाइपचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर असतो, तुझ्या स्पीकरला जवळपास बेतून केल्यासारखा. आतल्या बाजूनं पट्टी चिकटव, ती कड स्पीकरवर बसव, वर झाकण. प्लंबरकडं तुकडा फुकट मिळतो.

कोनला काही चिकटवू नको. गेल्या वर्षी एकानं बरोबर मधल्या टोपीवर एलईडी चिकटवून आणला होता. खर्ज गेला आणि चौथ्या दिवशी वायर पण.

उद्यमबागचा फिटर
ग्लू गनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. लावू नका. एप्रिलच्या उन्हात गाडी दुपारी कारखान्याबाहेर उभी असते. संध्याकाळी बघितलं तर रिंग लेगगार्डवरून गळून गोगलगाय चालल्यासारखी खाली आलेली.

खानापूरकर
आमच्याकडं ग्लू गन दोन वर्षं टिकली.

उद्यमबागचा फिटर
तुमच्याकडं ऊन असतं का?

काळा कोट हिंडलगा
(हिंडलगा म्हटलं की सगळे जेलच विचारतात. मी बाहेरचा आहे.)

कायद्याचं थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम असा की पुढच्या बाजूला लाल उजेड दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. नंबर प्लेटचा दिवा, इंडिकेटर यांना सूट आहे. सम्याचे स्पीकर लेगगार्डला म्हणजे पुढे तोंड करून. तिथे लाल नको. निळा-लाल लुकलुकता तर अजिबात नको, तो पोलीस आणि ॲम्ब्युलन्सचा. कडोलीच्या वहिनींची मागची लाल पट्टी रंगाच्या नियमात बसते.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार नको, यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बोट ठेवलंय. चिमूटभर पट्टीसाठी कुणी कोर्टात ओढेल असं नाही, पण नाक्यावर तुम्हाला थांबवायला एवढं कारण पुरतं. आणि मास्तरांसाठी: ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात.

हलग्याचे मास्तर
आभार. हा परिच्छेद छापून गल्लीच्या तोंडाशी लावतो.

शिनोळीचा चंदगडी
नाक्यावरून आठवलं. आमचं गाव महाराष्ट्रात, बाजार बेळगावात. एमएच ०९ ची पाटी घेऊन रोज ये-जा. एका नाक्यावर अडवलं, म्हणाले लाइट काढा. काढला. परत येताना दुसऱ्यांनी अडवलं. म्हटलं, लाइट काढलाय की साहेब. ते म्हणाले, मग ही लोंबणारी वायर कसली?

टिळकवाडीची ताई
रंग कुठला लावणार ते ठरलंय का पण? आपल्याकडं तो खरा प्रश्न. भगवा लावलास तर एक जण थांबवून विचारणार, कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा लावलास तर दुसरा विचारणार, हिरवा लावलास तर दोघं मिळून विचारणार.

सांबऱ्याचा सम्या
ताई, मिरवणुकीसाठी म्हणून भगवाच डोक्यात होता.

वायरमन निपाणी
साध्या पट्टीत हवा तसा भगवा सहजी मिळत नाही. आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा एकत्र असलेल्या पट्टीत लाल पूर्ण आणि हिरवा थोडा सोडला की जवळपास येतो, पण लांबून केशरीपेक्षा लालच वाटतो. मग वकीलसाहेबांचा नियम आला. आरजीबीला कंट्रोलर लागतो, आणि स्वस्तातला कंट्रोलर दिवा मंद करताना करंट तोडतो-जोडतो, सेकंदाला शेकडो वेळा. ती किरकिर अ‍ॅम्पमध्ये शिरते. गाणं बंद केलंस तरी स्पीकरमधून रातकिडा ओरडत राहतो.

पांढरा लाव. तोही कोवळा, पिवळसर.

उद्यमबागचा फिटर
ठेक्यावर लुकलुकण्याचं माझ्याकडून ऐक. माझ्या जुन्या गाडीला माइकवाला कंट्रोलर लावला होता, आवाज ऐकून दिवे नाचवणारा. तो गाणं सोडून सायलेन्सर ऐकायचा. सिग्नलला उभा राहिलो की दिवे धाक-धाक-धाक, आयडलिंगच्या ठेक्यावर.

मग एका मेकॅनिकनं सुचवलं, पट्टीची निगेटिव्ह स्पीकरच्या काळ्या वायरीला जोड, आपोआप नाचेल. आणि नाचली हो! दोन दिवस फार खूश होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं म्हटलं, अर्थिंग नीट नाही, काळी वायर चेसिसला पण लाव. लावली. फुस्स. अ‍ॅम्पमधून धूर. आयसीला भोक पडलेलं. तो मेकॅनिक वाकून बघतो आणि म्हणतो कसा, "साक्रीऽ, इष्ट लाइट याक?" म्हणजे पुरे की, एवढे लाइट कशाला. आधी सांगायचं होतं ना बाबा.

वायरमन निपाणी
फिटरसाहेबांचा धूर समजून घ्या, यात सगळ्यात जास्त अ‍ॅम्प जातात. हे छोटे अ‍ॅम्प, टीडीए ७२९७ वगैरे, ब्रिज पद्धतीचे असतात. स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत. काळी वायर काळी आहे म्हणून ती अर्थ होत नाही, तिच्यावर बॅटरीच्या निम्मे व्होल्ट उभे असतात. ती चेसिसला टेकवली की आयसीवर सरळ शॉर्ट. पट्टी का नाचली? मोठ्या आवाजाला त्या वायरीवरचे व्होल्ट खाली जातात, तेवढ्यापुरता पट्टीला पुरेसा फरक मिळतो. पण पट्टीचा सगळा भार त्या एका वायरीवर येतो आणि आवाज फाटतो.

पट्टीचं आणि स्पीकरचं लग्न लावू नका. शेजारी राहू देत.

हलग्याचे मास्तर
विरोध कायम ठेवून एक शास्त्रीय मुद्दा. एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्याने गप्प बसवत नाही.

वायरमन यांनी ०.७२ अँपिअर सांगितले ते १२ व्होल्टला. चालू गाडीत बॅटरीच्या टोकांना १४ ते साडेचौदा व्होल्ट असतात. पट्टीच्या प्रत्येक तुकड्यात तीन दिवे एकापुढे एक आणि सोबत रोधक. तीन दिवे मिळून साडेनऊच्या आसपास घेतात आणि त्यापुढे फारसे हलत नाहीत. म्हणजे १२ व्होल्टला रोधकावर अडीच उरतात, साडेचौदाला पाच. रोधक तोच, व्होल्ट दुप्पट, म्हणून प्रवाह दुप्पट. ओहमचा नियम, दहावी. बारा व्होल्टची पट्टी गाडीवर लवकर का जळते याचे उत्तर चिनी मालात नाही, या गणितात आहे.

उपाय स्वस्त आहे. ४००७ क्रमांकाचे तीन डायोड एकापुढे एक पॉझिटिव्ह वायरीत घालावेत. प्रत्येकी पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो, तिघांत दोनच्या वर. एक अँपिअरपर्यंत ते सोसतात. किंचित तापतील, म्हणून रेक्झिनला टेकवू नयेत. काही रुपयांचे काम.

वायरमन निपाणी
मास्तर, पाया पडतो. मी पट्ट्या बदलून देत बसतो आणि गिऱ्हाईकाला माल खराब म्हणून सांगतो. उद्यापासून डायोड.

चिकोडीचा ऊसवाला
मास्तर आतून आपल्यातलेच निघाले.

हलग्याचे मास्तर
अफवा पसरवू नये.

टिळकवाडीची ताई
थोडं विषयांतर. परदेशातल्या त्या सोफ्यासारख्या मोठ्या गाड्यांना, गोल्डविंग वगैरे, स्पीकर कंपनीतूनच येतात ना? माझा भाऊ म्हणतो त्यात बसल्यावर गाडी चालवल्यासारखं वाटत नाही, हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं. आमच्या ॲक्टिवाला हुकाला पिशवी आणि पिशवीत मोबाइल, तेवढंच संगीत.

शिनोळीचा चंदगडी
ताई, पिशवीत स्टीलचा डबा ठेवा आणि मोबाइल त्यात. खर्ज वाढतो.

कडोलीची सून
दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये ठेवला तर अख्खी गल्ली उठते. अनुभव आहे.

सांबऱ्याचा सम्या
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. झालं! हिशोब आणि फजिती दोन्ही लिहितो.

पट्टी पाच मीटरचा गुंडाच मिळाला, मीटरनं कापून कुणी देईना. कोवळा पांढरा, आयपी ६५, दोनशे ऐंशी. फ्यूज-होल्डर, डायोड, वायर, हीट स्लीव्ह धरून बजेट ओलांडलं, चारशे वीस झाले. पाइपचा तुकडा फुकट. श्रीखंड दोन डबे, ते घरखर्चात दाखवलंय.

वायर ब्रेक स्विचच्या पॉझिटिव्हवरून घेतली, फ्यूज तिथंच. डायोड डाग देऊन सीटखाली, हवेशीर. पहिल्या रात्री लावलं आणि वेगळाच तमाशा. दोन्ही रिंगा झकास, पण हॉर्न मारला की मंद व्हायच्या आणि ब्रेक दाबला की एकदम मेणबत्ती. मला वाटलं बॅटरी गेली. दोन दिवस चिडचिड. भाऊ पण म्हणाला, "सम्या, काय करूलाइस हे, गाडी आहे का दिवाळीची माळ?"

शेवटी वायरमनदादांना फोटो पाठवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: अर्थ कुठं घेतलास? मी मडगार्डच्या बोल्टला घेतला होता. बोल्ट रंगवलेला. रंगावर अर्थ कसला लागतोय? खरवडलं, तरी पूर्ण जमेना. मग निगेटिव्ह थेट बॅटरीपर्यंत नेली आणि त्या दिवसापासून हॉर्नला ढिम्म हलत नाही.

ठेक्यावर लुकलुकणं सोडून दिलं. फिटरदादांचा धूर डोळ्यांपुढं आला.

वायरमन निपाणी
रंगाचा बोल्ट! निम्म्या गाड्या माझ्याकडं त्यापायीच येतात. पट्टी खराब, बॅटरी खराब, सगळं बदलून बघतात, बोल्ट कुणी खरवडत नाही.

टिळकवाडीची ताई
आज्जी काय म्हणाल्या ते सांग आधी.

सांबऱ्याचा सम्या
अंगणात गाडी लावून दाखवली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं दिसतंय. आता वाती कोण लावणार रोज?" चावी फिरवून दाखवली तेव्हा पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारून म्हणाली, तुळशीपुढं जरा उजेड पाडता येतो का बघ.

खानापूरकर
पाच मीटरातली साठ सेंटीमीटर लागली. उरलेल्याचं काय करणार आहेस?

सांबऱ्याचा सम्या
एक मीटर तुळशीकट्ट्याला, जुना बारा व्होल्टचा अडॅप्टर आहे घरात. बाकी पडून आहे. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, रोज उद्यमबागला येतोच.

कडोलीची सून
आमच्या दुसऱ्या गाडीला अर्धा मीटर. पण ती पांढरी ना तुझी? मागं लाल लागते. राहू दे.

चिकोडीचा ऊसवाला
उरलेली सगळी मला. मडगार्डचा एक कोपरा तरी होईल.

हलग्याचे मास्तर
दीड मीटर माझ्यासाठी बाजूला ठेवावी. रात्री अंगणातून न्हाणीकडे जाताना दोन पायऱ्या दिसत नाहीत. अडॅप्टर आहे, जोडणी मी करीन. स्पीकर नको.